गोविंदभोग तांदूळ: पुलाव मोकळा कसा होईल, पायेशला माप काय?

कोपरीची_लेक

वाशीहून दोन किलो गोविंदभोग, म्हणजे बंगालचा आखूड सुवासिक तांदूळ, आणलाय. पाकिटावर ‘आतप’ लिहिलंय, पॅकिंग यंदाच्या फेब्रुवारीचं. येत्या शनिवारी रात्री घरी बारा माणसं जेवायला आहेत. बेत बासंती पुलाव (बंगाली पिवळा, गोडसर पुलाव), बरोबर सुकं मटण आणि शेवटी पायेश, म्हणजे बंगाली तांदळाची खीर.

रोजच्या कोलमला आमच्याकडे एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी आणि कुकरच्या भांड्यात तीन शिट्ट्या असं माप आहे. त्याच मापाने गोविंदभोग लावला तर वास घरभर सुटतो, पण भात गुरगुट्या होतो आणि तळाचा थर पार लगदा. पुलावाला असा भात चालणार नाही.

पाणी नेमकं किती घ्यायचं? तांदूळ भिजवायचा की नाही? कुकरमध्ये जमेल का? पायेशला एक लिटर दुधामागे तांदूळ किती, आणि म्हशीचं दूध चालेल का? गूळ घालायचा झाला तर दूध फाटू नये म्हणून काय करायचं? शिवाय पाऊस तोंडावर आलाय, उरलेल्या तांदळाला टोके लागू नयेत म्हणून काय करता तेही सांगा. नुसतं ‘अंदाजाने घाला’ नको, मापं हवीत.

बेलापूर_खाडीकाठ

ताई, घोडं पेंड खातंय ते पाण्याच्या मापात. आधी तांदूळ कसा आहे ते सांगतो, म्हणजे मापामागचं कारण कळेल.

गोविंदभोगाचा दाणा चार मिलिमीटरच्या आसपास असतो. दाणा लहान म्हणजे तेवढ्याच वजनाला पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तो लवकर शिजतो आणि पिठूळपणाही लवकर सोडतो. त्यात हा आतप, म्हणजे उकडा नाही. उकड्या तांदळातलं पीठ उकडताना एकदा शिजून पुन्हा घट्ट झालेलं असतं, म्हणून तो जास्त पाणी आणि जास्त वेळ सहन करतो. आतपाला ते कवच नाही.

तिसरी गोष्ट तांदळाच्या वयाची. पश्चिम बंगालात बर्धमानकडे हे भात उशिरा तयार होतं, कापणी नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात. तुमचं पॅकिंग फेब्रुवारीचं, म्हणजे बहुधा तांदूळ नवाच आहे. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि पटकन चिकटतो. हाच तांदूळ दिवाळीपर्यंत जुना झाला की त्याला पाणी जास्त लागेल. म्हणून गोविंदभोगाला एकच माप बारा महिने चालत नाही.

साध्या भाताचं माप असं. एक वाटी तांदूळ हलक्या हाताने तीन-चार पाण्यांत धुवा, तळव्यांनी चोळू नका. पंधरा ते वीस मिनिटं भिजवा, मग रोवळीत पंधरा मिनिटं निथळू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात दीड वाटी पाणी उकळून त्यात तांदूळ घाला. उकळी फुटली की आच मंद करा, झाकण ठेवून आठ-नऊ मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण काढायचं नाही. तांदूळ नवा असेल तर पाणी दीड वाटीच्या जरा खालीच ठेवा, वर्षभर जुना असेल तर पावणेदोनपर्यंत न्या.

आता ज्यामुळे मोठ्या बेताला हमखास फजिती होते ते. तांदूळ स्वतः पितो ते पाणी त्याच्या वजनावर ठरतं, पण वाफेवाटे उडणारं पाणी ठरतं भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर. एका वाटीच्या दीड वाटी पाण्यातला चांगला वाटा वाफेत जातो. पाच वाट्या तांदूळ घेतलात म्हणून वाफ पाचपट जात नाही. तिथे साडेसात वाट्या पाणी ओतलं की भात आसट झालाच. माणसं वाढली की तांदळाच्या प्रमाणात पाणी कमी होत गेलं पाहिजे.

म्हणून बारा माणसांसाठी एक किलोचा पुलाव एकाच टोपात करू नका, अर्ध्या अर्ध्या किलोचे दोन करा. भाताचा थर दोन इंचांपेक्षा उंच झाला की तळाचा दाणा वरच्या वजनाने दबतो आणि नेमका तोच लगदा होतो. अर्ध्या किलोला दहा इंच रुंद, जाड बुडाचं पातेलं घ्या.

अर्ध्या किलोचं साहित्य: तूप ६० ग्रॅम, हळद पाऊण छोटा चमचा, किसलेलं आलं एक मोठा चमचा, तमालपत्रं २, वेलदोडे ५, लवंगा ५, दालचिनीचे बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे, जायपत्रीची एक पाकळी, काजू ४० ग्रॅम, बेदाणे ४० ग्रॅम, मीठ सपाट दोन छोटे चमचे, साखर ६० ग्रॅम, कडकडीत गरम पाणी ८५० मिलि. हे पाणी नव्या तांदळाचं आहे. जुना असता तर ९५० म्हणालो असतो.

पुलावाचा तांदूळ भिजवायचा नाही. धुऊन रोवळीत निथळा आणि स्वच्छ पंच्यावर पंख्याखाली अर्धा-पाऊण तास पातळ पसरा. हाताला ओल लागेनाशी झाली की परातीत घेऊन अर्धं तूप, हळद आणि आलं बोटांच्या टोकांनी लावा आणि वीस मिनिटं ठेवा. तुपाचा पातळ लेप बसला की दाणे एकमेकांना धरत नाहीत. ओल्या तांदळाला तूप लागत नाही, ते नुसतं सरकतं, म्हणून वाळवण्याची घाई करू नका.

उरलेल्या तुपात आधी काजू तांबूस करून काढा, मग बेदाणे. बेदाणे फुगले की लगेच काढा, क्षणात करपतात. त्याच तुपात खडा मसाला, तो फुलला की तांदूळ. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं उलथन्याने खालून वर असा परता, रेटून ढवळायचं नाही. दाणे सुटे वाजायला लागले की गरम पाणी आणि मीठ. गार पाणी ओतलं तर उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दाणा बाहेरून फुगून आत कच्चा राहतो.

मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटांत पाणी भाताच्या पातळीला येतं आणि वर भोकं दिसतात. त्या क्षणी साखर सगळीकडे भुरभुरवा, काजू-बेदाणे घाला, एकदाच हलक्या हाताने वरखाली करा, घट्ट झाकण ठेवा आणि पातेल्याखाली तवा सरकवा. लहान बर्नरवर अगदी मंद आचेने आठ ते दहा मिनिटं. गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं वाफ मुरू द्या. साखर विरघळली की तिचाही रस सुटतो, तो धरूनच ८५० मिलिचा हिशेब आहे. आणि मुरण्याआधी उलथनं घातलंत तर गरम शितं मोडतात, मग आधीची सगळी मेहनत पाण्यात.

बासंती पुलाव गोडसरच असतो. मटण तिखट असेल तर साखर पूर्ण ठेवा, त्या गोडव्यामुळेच जोडी जमते.

नेरुळ_सेक्टर

वर सगळं बरोबर आहे, फक्त कुकरचं राहिलं म्हणून लिहिते.

जमतं, पण साध्या भातासाठीच. भिजवून निथळलेला तांदूळ कुकरच्या भांड्यात, एकाला सव्वा पाणी. कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही, म्हणून पातेल्यापेक्षा पाणी कमी. भांड्यावर ताटली ठेवा, नाहीतर झाकणावरचं पाणी भातात टपकतं आणि वरचा थर ओला राहतो. मध्यम आचेवर एक शिट्टी आणि गॅस बंद. वाफ आपोआप बसू द्या.

तूरडाळ त्याच कुकरात खाली लावायची सवय असेल तर इथे मोडा. डाळीला तीन-चार शिट्ट्या हव्यात, तेवढ्यात वरच्या गोविंदभोगाची पेज होते. डाळ आधी शिजवून घ्या.

पुलाव मात्र कुकरात नको. भात किती झालाय ते दिसत नाही, आणि साखर तळाला लागून करपली तर कळतही नाही.

कळवा_कारशेड

एक शंका. जुन्या पद्धतीने भरपूर पाण्यात शिजवून पेज वेळून काढली तर चिकटपणा पेजेबरोबर जाईल ना? बंगाल्यांकडेही रोजचा भात असाच वेळतात असं ऐकलंय.

बेलापूर_खाडीकाठ

दादा, रोजचा उकडा भात वेळतात, हे खरं. गोविंदभोगही वेळता येतो आणि मोकळा होतो. पण ज्या वासासाठी हा तांदूळ घेतो तो उकळत्या पाण्याबरोबर बराचसा जातो. सुवासिक तांदळाच्या वासात मुख्य वाटा २-असिटाइल-१-पायरोलीन या द्रव्याचा असतो, बासमतीत आणि आंबेमोहोरातही तेच. ते उडून जाणारं आहे. म्हणून पाणी मोजून, झाकण ठेवून, कमीत कमी वेळात शिजवणं हीच त्याची पद्धत. साध्या भाताला वीस मिनिटं भिजवतो तेही शिजण्याचा वेळ वाचावा म्हणूनच. तासभर भिजवू नका. दाण्याला चिरा पडतात आणि ढवळताना कणी होते.

वेळायचाच असेल तर तांदळाच्या सहापट उकळतं पाणी, सहा-सात मिनिटं, शीत बोटात चेपलं की मध्ये बारीक टिंब राहिलं पाहिजे. मग वेळून झाकून ठेवा, ते टिंब वाफेवर शिजतं.

खारघर_टेकडी

पायेशचं मी सांगते.

फुल क्रीम दूध एक लिटर, गोविंदभोग ५० ते ५५ ग्रॅम, म्हणजे लहान पाव वाटी. वाचून कमी वाटेल, पण वाढवू नका. हा तांदूळ दुधात फुगतो आणि गार झाल्यावर आणखी दूध ओढतो. शंभर ग्रॅम घातला तर दुसऱ्या दिवशी सुरीने कापायची वेळ येते. तुमच्या बारा जणांना दोन लिटर दूध आणि ११० ग्रॅम तांदूळ पुरेल, प्रत्येकाला एक लहान वाटी.

तांदूळ धुऊन कापडावर कोरडा करा आणि छोटा चमचाभर तूप चोळून ठेवा. दुधात गोळे होत नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात दूध, दोन तमालपत्रं आणि चार ठेचलेले वेलदोडे घालून मंद-मध्यम आचेवर उकळा. गाईचं दूध असेल तर पाऊणपट होईपर्यंत आटवा, म्हशीचं असेल तर पाचवा हिस्सा आटला की थांबा. आपल्याकडे तबेल्याचं म्हशीचं दूध मुळातच दाट असतं. ते आणखी आटवलं तर बासुंदीची चव पुढे येते आणि तांदळाचा वास तिच्याखाली दबतो. म्हशीचं दूध चालेल, फक्त आटवताना हात आखडता घ्या.

आता तांदूळ घाला. वीस ते पंचवीस मिनिटं मंद आच, दर दोन-तीन मिनिटांनी तळ खरवडून ढवळणं, कडेची साय पुन्हा आत लोटणं. शीत दोन बोटांत दाबलं की विनासायास विरघळलं पाहिजे. तोपर्यंत साखरेला हात लावायचा नाही. साखर दुधातलं पाणी धरून ठेवते आणि दाण्याला हवं तेवढं मिळत नाही. अर्धवट शिजलेल्यात साखर पडली की मग तासभर उकळलंत तरी कणी राहते. पायेश बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

तांदूळ शिजला की लिटरला ९० ते १०० ग्रॅम साखर. साखर पडल्यावर पायेश क्षणभर पातळ दिसेल, घाबरू नका. पाच मिनिटं उकळून, वाढताना हवा त्यापेक्षा बराच पातळ असताना गॅस बंद करा. गार झाल्यावर दाट होतो. वरून काजू-बेदाणे चालतात, केशर किंवा जायफळ मात्र घालू नका, तांदळाच्या वासाला आड येतं.

गुळाचं. पायेशला खरा मान नोलेन गुळाचा, खजुरीच्या रसाचा. त्याचा मोसम थंडीचा, डिसेंबर ते फेब्रुवारी. जूनमध्ये मिळेल ती ढेप, तीही जुनी. विकत घेण्याआधी वास घेऊन बघा. धुरकट-गोडसर वास नसेल आणि नुसतीच गोड लागत असेल तर त्यात साखर मिसळलेली असू शकते. तसं असेल तर या वेळी साखरेचाच पायेश करा, हिवाळ्यात गुळाचा.

तरी गूळच हवा असेल तर लिटरला दीडशे ग्रॅम, बारीक चिरून तीन-चार चमचे पाण्यात वेगळा वितळवून गाळून घ्या. पायेशचं पातेलं गॅसवरून उतरवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोट सोसेल इतपत कोमट झालं की गूळपाणी थोडं थोडं घालत ढवळा. गुळात आम्लता असते. उकळत्या दुधात ती पडली की दूध फाटतं, दूध निवलेलं असलं तर बहुतेक वेळा टिकतं. गुळाचा भरवसा नसेल तर आधी वाटीभर कोमट दुधात चमचाभर घालून बघा. गूळ घातल्यावर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, गरम करायलाही नाही. चिमूटभर खायचा सोडा घालून आम्लता मारतात, पण पायेशमध्ये त्याची चव कळते, मी सुचवणार नाही.

घोडबंदर_वाणसामान

तांदूळ खरा आहे का ते आधी बघून घ्या, म्हणजे मापं लागू पडतील. मूठभर तांदूळ काळ्या ताटलीत पसरा. अख्ख्या दाण्याची दोन्ही टोकं निमुळती आणि गुळगुळीत असतात. एक टोक सपाट कापल्यासारखं असेल तर तो तुकडा. लांब तांदळाचा तुकडा लहान दाणा म्हणून खपवला जातो. रंग किंचित मलईकडे झुकणारा हवा. कोरडा असताना वास मंद आणि भात होताना वाढत जाणारा, हे चांगलं लक्षण. उलट पाकीट फोडताच भपकारा आणि दोन पाण्यांनंतर काहीच नाही, तर वरून सुवास लावलेला असण्याची शक्यता जास्त.

पुलावाआधी तांदूळ बारीक चाळणीने चाळून कणी वेगळी काढा. मोडलेल्या कडेतून पीठ थेट पाण्यात उतरतं आणि तेच चिकटतं. कणी फुकट घालवू नका, पायेशला ती उत्तम.

गोविंदभोगाला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाही मिळाला तर पर्याय आपल्याकडेही आहेत. सगळ्यात जवळचा म्हणजे आजरा घनसाळ, आखूड, सुवासिक, आणि त्यालाही २०१६ पासून मानांकन आहे. पायेशला तो बिनधास्त घ्या. आंबेमोहोर जरा जास्त मऊ होतो, पायेश आणि खिचडीला छान, पुलावाला पाणी आणखी कमी करावं लागेल. इंद्रायणी आंबेमोहोराच्याच वंशातला, पण दाणा मोठा आणि चिकट, बासंती पुलावात घालू नका. मोकळ्या पुलावासाठी केरळचा जिरकसाला बघा, वायनाडचा आखूड दाणा, तिकडे बिर्याणीला वापरतात. नवी मुंबईत मल्याळी वाणसामानाच्या दुकानात विचारून पाहा. घाऊक दाणा बाजारात पोत्याचा व्यवहार चालतो, दोन-चार किलोसाठी तिथवर जाण्यात अर्थ नाही.

साठवण. दोन किलोतला एक शनिवारी संपेल, पायेशला शंभर-सव्वाशे ग्रॅम जाईल. उरलेला पाऊण-एक किलो ठाण्याच्या पावसात कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा दुहेरी पिशवीत भरून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, टोक्यांची अंडी मरतात. मग तोच डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझरमधून काढल्यावर डबा बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार डबा लगेच उघडला तर दमट हवेतलं पाणी तांदळावर बसतं आणि बुरशी धरते.

बाकीच्या तांदळाला आपण एरंडेल किंवा बोरिक पावडर लावतो, ते इथे अजिबात नको. एरंडेलाचा वास काढायला इतकं चोळून धुवावं लागतं की हा कोवळा दाणा मोडतो, आणि आपला सुगंधही गेलेला असतो. ऊन दाखवणंही टाळा. कडक उन्हात दाण्याला बारीक चिरा पडतात, त्या शिजताना फुटतात.

कोपरीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तांदूळ ताटलीत पसरून बघितला, दोन्ही टोकं शाबूत आहेत, कणी थोडीच निघाली.

आणखी दोन प्रश्न. जेवण नऊला आहे, पुलाव दुपारी करून ठेवला तर चालेल का? आणि उरलेल्या तांदळाची भोगाची खिचडी करायची आहे, तिचं माप कुणी देईल का?

बेलापूर_खाडीकाठ

दुपारी पुलाव करून ओट्यावर ठेवू नका ताई. या दिवसांतल्या दमट उकाड्यात शिजलेला भात दोन तासांपलीकडे बाहेर राहू नये. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. शिवाय तूप थिजून दाणे चिकटतात ते वेगळंच.

कामाची विभागणी अशी करा. सकाळी तांदूळ धुऊन वाळवा, तूप-हळद-आलं लावून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. काजू-बेदाणे तळून ठेवा, खडा मसाला दोन वाट्यांत मोजून ठेवा. साडेसातला तांदूळ बाहेर काढा, तूप मऊ होऊ द्या. आठ वाजता दोन्ही पातेली दोन बर्नरवर चढवली की पावणेनऊला पुलाव मुरून तयार. दोन्हींना पुरेल इतकं पाणी आधी किटलीत उकळा आणि मोजूनच ओता, नुसत्या नजरेने नको. दोन लहान बर्नर नसतील तर दुसऱ्या पातेल्याखाली तवा ठेवून मोठा बर्नर अगदी बारीक करा.

जेवण लांबलं तर झाकण न उघडता पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा, तासभर गरम राहतं. पायेश शुक्रवारी रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, तो मुरल्यावर चांगलाच लागतो. वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, फार दाट वाटला तर उकळून गार केलेलं अर्धी वाटी दूध मिसळा.

खारघर_टेकडी

खिचडी. गोविंदभोग आणि मूगडाळ समसमान, २०० ग्रॅम आणि २०० ग्रॅम, चार-पाच माणसांना. डाळ कोरड्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा, रंग फिका बदामी आणि खमंग वास. या खिचडीची अर्धी चव या भाजण्यात आहे. आच मोठी केली तर काही दाणे काळे, काही कच्चे राहतात आणि कडवटपणा येतो. भाजल्यावर धुवा, आधी नको.

डाळ एक लिटर पाण्यात हळद घालून आधी चढवा आणि बोटचेपी होऊ द्या, वीस-एक मिनिटं लागतील. मग धुतलेला तांदूळ आणि आणखी ६०० ते ७०० मिलि गरम पाणी. दोन्ही एकत्र टाकू नका. तांदूळ बारा मिनिटांत होतो आणि डाळ अजून कच्चीच असते. फ्लॉवरचे मोठे तुरे आणि बटाट्याच्या फोडी वेगळ्या तळून तांदळाबरोबर घाला, मटार शेवटी. तुपात जिरं, तमालपत्र, सुकी मिरची आणि दोन चमचे आलं यांची फोडणी, मीठ, एक-दीड चमचा साखर, उतरवताना वेलदोडा-लवंग-दालचिनीची ताजी पूड आणि चमचाभर तूप. नैवेद्याची असल्यामुळे कांदा-लसूण नाही. गॅस बंद करताना पळीवरून सहज ओघळेल इतकी सैल ठेवा, ताटात येईपर्यंत ती आळतेच.

नेरुळ_सेक्टर

खिचडीला तांदूळ वाळवायची किंवा कणी काढायची गरज नाही, इथे चिकटपणा हवाच आहे. पुलावासाठी चाळून काढलेली कणी यातही खपेल, फक्त ती घातलीत तर पाणी पाऊण वाटीने वाढवा आणि तळ लागतोय का ते बघत राहा.